तीन गिअर मागे, एक पुढे

झेल्मा प्रुएट उंचीला एवढी होती की आमचा मुकादम तिच्याशी भांडायचं असलं की साबणाच्या खोक्यावर चढायचा. पंधरा वर्षं आम्ही दोघी कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलच्या एकाच लॉन्ड्रीत, एकाच वाफेत शिजलो. ती इस्त्रीच्या टेबलाला, मी शेजारी घड्या घालायला. दोघीही ओक्लाहोमाच्या. कापूस वेचून बोटं फाटली तेव्हा तीच बोटं घेऊन लॉन्ड्रीत आलेल्या. झेल्माला नवरा होता. तो एकदा तंबाखू आणायला म्हणून गेला, तो गेलाच. "चांगली तंबाखू लांब मिळते," एवढंच ती म्हणायची आणि पुढचा शर्ट ओढायची.

आमच्याकडे रिव्हर रोड क्लबची पांढरी जाकिटं यायची, पाठीवर लाल दोऱ्याने क्लबचं नाव भरलेली. ही हॉटरॉडवाली पोरं. भंगारातून जुनी फोर्ड उचलायची, तिचे मडगार्ड फेकायचे, टप फेकायचा, बॉनेट फेकायचं, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायची आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं. गाडी कसली, दावं तोडून सुटलेलं खोंड! झेल्मा ती जाकिटं इस्त्री करायची आणि मग जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवायची. मी बघत होते.

एकावन्न सालच्या मार्चमध्ये क्लबचा अध्यक्ष रॉइस हॅगुड जाकीट न्यायला आला. वय तेवीस, केसांना पावशेर तेल.

"बाई, कॉलरला चुणी राहिलीय."

"चुणी कॉलरला नाही, तुझ्या मानेला आहे. घासत जा," झेल्मा म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "असलं जाकीट मिळायला काय लागतं रे?"

रॉइस हसला. इतका हसला की काउंटरला धरून उभा राहिला. "हॉटरॉड लागते, मावशी! स्वतःच्या हातांनी बांधलेली!"

"बरं. मग बांधते."

त्याच संध्याकाळी मी क्लबच्या शेडवर जाऊन दारावर लावलेले नियम लिहून आणले. भिंतीवरचा कागद वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. मुकादमाने लावलेले कागद वाचूनच तर मी शहाणी झाले. नियम तीनच होते. गाडी अर्जदाराने स्वतः बांधलेली असावी, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नसावा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी बाराच्या आत ती घरापासून शेडपर्यंत, कुणी न ढकलता, न ओढता, स्वतःच्या बळावर यावी. जो नापास झाला त्याला पुन्हा अर्ज नाही. बायकांना मनाई असं कुठेच नव्हतं. लिहायचं सुचलंच नव्हतं बिचाऱ्यांना!

गाडी मिळाली ती एकोणतीस सालची फोर्ड, एका शेतकऱ्याच्या खुराड्यामागे. मागच्या सीटवर कोंबड्यांची तिसरी पिढी नांदत होती. बदल्यात झेल्माने त्याचे वर्षभराचे रविवारचे शर्ट इस्त्री करून द्यायचं कबूल केलं. इंजिन आलं व्हार्तानच्या भंगारातून. व्हार्तान म्हणजे फ्रेझ्नोकडचा आर्मेनियन म्हातारा, चाळीस वर्षं फोर्डची पोटं उघडण्यात घालवलेला. त्याने पहिल्याच दिवशी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले ते सहा महिने बाहेर काढले नाहीत. "तोंड माझं, हात तुझे, पोरी. नियम म्हणजे नियम."

आणि मग सुरू झाला तमाशा. दर रविवारी व्हार्तान पिंपावर बसून ओरडायचा, "पुढचा नट! अगं त्याच्या पुढचा! तो नव्हे, गाढवे!" आणि झेल्मा गाडीखालून ओरडायची, "गाढवी असते तर लाथ मारली असती, थांब, येतेच बाहेर!" गंजलेले बोल्ट ती बीन्सच्या भांड्यात घासलेटात भिजवायची. त्या भांड्यातले बीन्स नंतर तीन महिने आम्ही खाल्ले, आणि कुणी आमच्याजवळ काडी ओढली की लांब पळायचो. सुटा केलेला प्रत्येक भाग ती लॉन्ड्रीच्या रीतीने ठेवायची: कापडाची चिठ्ठी, त्यावर न धुतली जाणारी शाई, 'डावा', 'उजवा', 'वरचा', 'खालचा'. व्हार्तान म्हणे, असं नीटनेटकं भंगार त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये इंजिन पहिल्यांदा पेटलं. खरोखरच पेटलं! कार्बोरेटरमधून जाळ आला आणि झेल्माची डावी भुवई घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती एका भुवईने कामावर आली आणि दिवसभर शर्टांवर वाकून एकटीच खुदुखुदु हसत होती. मुकादमाने विचारलं, पिऊन आलीस का? "हो," ती म्हणाली, "पेट्रोल."

ऑगस्टच्या शेवटी व्हार्तान नातीच्या लग्नाला आठवडाभर गेला. तेवढ्यात झेल्माने मागचा ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, आतल्या दातेरी चाकांसकट उघडून, साफ करून, परत जोडला. एकटीने. मला तिचा अभिमान वाटला. गप्प बसायला हवं होतं, पण मी सगळ्या लॉन्ड्रीला सांगून आले.

रविवार उजाडला. शेड चार मैलांवर. अकरा वाजता झेल्माने गाडी सुरू केली. शेजारी मी बसले, कारण शेजारी कुणी बसू नये असं नियमात नव्हतं. तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि आम्ही सुसाट मागे गेलो! शेजारणीची दोरी तोडून, तिच्या चार चादरी डोक्यावर घेऊन.

"अगं, पुढे!" मी चादरीतून ओरडले.

"पुढचाच टाकलाय!"

दुसरा टाकला. आणखी जोरात मागे. शेवटी तिने मागे जायचा गिअर टाकला, तर गाडी हळूच पुढे सरकली. झेल्मा उतरली, मागच्या बाजूने उताणी गाडीखाली गेली, आणि खालून हसण्याचा आवाज आला. 

"व्हर्डी, अगं मी डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या अशीच पडून लिहिल्या! उताणं पडल्यावर माझा उजवा हात गाडीच्या डावीकडे. आणि जोडलं उभं राहून! मोठं दातेरी चाक उलट्या बाजूला बसलंय, गाडीची चाकं उलटी फिरतायत." ती बाहेर आली. "आता तीन गिअर मागे आणि एक पुढे."

"मग उघड परत!"

"दिवस लागेल." तिचं हसू ओसरलं. "आणि पुन्हा अर्ज नाही."

आधी आम्ही त्या एकुलत्या एका पुढच्या गिअरवर निघालो. इंजिन नुसतं किंचाळत होतं, गाडी म्हशीच्या चालीने. बाजूने एक म्हातारी काठी टेकत आली आणि पुढे निघून गेली. अर्ध्या मैलावर रेडिएटरमधून वाफ. झेल्माने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चौकात गाडी गर्रकन फिरवली.

"गुडघे सीटवर टेक. तोंड मागे. वाट सांग."

काय सांगू तुम्हाला! पहिला, दुसरा, तिसरा! इंजिन खूश, वाफ गायब, आम्ही पाठ पुढे करून रिव्हर रोडवरून भन्नाट निघालो. "डावीकडे घे!" "कुणाच्या डावीकडे?" "चिठ्ठी नको लिहूस, घे!" चर्च सुटलं होतं. पाद्री हात वर करून उभा राहिला, आशीर्वादाला की घाबरून, देव जाणे. तेलविहिरींचे पंप माना हलवत होते आणि मी हसून हसून सीटवरून घसरत होते. मोटरसायकलवर एक पोलीस बरोबरीने आला.

"बाई, कुठे चाललात?"

"पुढे!" झेल्मा ओरडली.

त्याने जरा विचार केला. "गाडीला सांगितलंत का?" मग मान हलवत, हसत तो पुढे, म्हणजे मागे, म्हणजे आमच्या वाटेवर गेला आणि पुलावरची रहदारी त्याने थांबवून धरली.

बाराला आठ मिनिटं कमी असताना आम्ही शेडच्या अंगणात आलो. मागून. वीस पोरं तोंडं उघडी टाकून उभी होती. मग जो हशा उठला! फक्त रॉइस हसला नाही.

"नापास."

मी उडी मारून उतरले. "का रे? ढकललं कुणी? ओढलं? तुझ्या कागदावर तोंड कुठल्या बाजूला हवं ते लिहिलंय?"

"तो मुद्दाच नाही," तो म्हणाला. "ही गाडी हिने बांधलेलीच नाही. व्हार्तानने बांधली. सगळं गाव बोलतंय. इस्त्रीवाली बाई व्ही-एट इंजिन बसवते? मला शिकवता?"

माझा हात उठलाच होता. झेल्माने मनगट धरलं. एवढी वर्षं ती कुणाचंही ऐकून घ्यायची आणि शर्ट ओढायची. आज ओढायला शर्ट नव्हता.

"रॉइस, बाळा, जाकीट काढ. मळेल. आणि मागचा ॲक्सल बघ."

तो गाडीखाली गेला. बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता.

"हे... उलटं बसवलंय."

"व्हार्तान असं बसवेल?"

"व्हार्तान? झोपेतसुद्धा नाही!"

"तू बसवशील?"

"मेलो तरी नाही!"

"यांच्यातला कुणी?"

पोरं एकमेकांकडे बघत मागे सरकली, जणू नुसत्या संशयानेच डाग लागेल.

"मग अख्ख्या कॅलिफोर्नियात," झेल्मा म्हणाली, "हे करणारं माणूस कोण?"

रॉइसने खाली पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "तीच! दुसरं कोण!" हात वर जायला लागले. एकोणीस झाले. विसावा रॉइसचा, खांद्यापर्यंतच आला, पण आला.

तिच्या मापाचं जाकीट त्यांच्याकडे नव्हतं. सगळ्यात मोठं होतं त्याच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. तिने ते घातलं, पाठ वळवली आणि मला म्हणाली, "वाच." मी मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचायला लावलं.

मग एका दीडशहाण्याने विचारलं, "मावशी, घरी पण तशीच जाणार?"

"हो. हिंमत असेल तर तुम्ही पण या तसेच. पुलापर्यंत शर्यत."

वीस हॉटरॉड उलट्या रांगेत लागल्या. रॉइसने रुमाल टाकला. पण त्यांच्याकडे मागे जायला एकच गिअर, म्हशीच्या चालीचा. आमच्याकडे तीन.