इस्तारीची उलटी गाठ

इस्तारी सत्तरीचा. नागभीडकडच्या एका गावात, तलावाच्या मासोळीवर त्याचा जन्म गेला. पाण्यात लावलेल्या दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावायचा नाही, हा तिथल्या ढिवर मासेमारांचा नेम. म्हणून यंदा त्याचा बांबूचा सापळा रोज रिकामा निघू लागला, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. शेजारचा धनराज दिसला की तो त्याची थैली हुंगायचा.

"तुमीच सकाळी मासोळी काढून आनता, अन् चहा पिऊन परत जाता," बायको कुंता म्हणाली.

"तू त्याच्याच बाजूनं बोलून राह्यली! काऊन, तुलेबी हिस्सा देला का त्यानं?"

मग चोर पकडायला त्यानं युक्ती केली. इस्तारी डावखुरा, त्याची गाठ उलटी बसते, ती गावात दुसऱ्या कोणालाच जमत नाही. सापळ्याचं तोंड त्यानं तशा गाठीनं बांधलं आणि गाठीत पळसाचं पान अडकवलं. चोर गाठ सोडेल, पण परत तशी बांधू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन तो तलावावर गेला. पान पाण्यावर तरंगत होतं आणि सापळा रिकामा होता. गाठ मात्र नव्यानं मारलेली, घट्ट, आणि उलटी होती.

त्यानं ती डाव्या हातानं चाचपली. घरी आला, तर चुलीवर मासोळी शिजत होती. कोणी आणली, हे त्यानं विचारलं नाही.

"उद्यापासून तूबी चाल माह्या संगं," तो कुंताला म्हणाला. "चोरावर नजर ठेव. अन् मले सोडून दुसऱ्या कोनाकडं पाहू नको."