शिवणीत दाबून ठेवलेलं कापड

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. तिची मुलगी अश्विनी एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी हातातली जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले... त्याला आता पाच आठवडे झाले.

सुनंदा मूळची नांदेडची. नारायणगुड्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि आमच्या शेजारच्या इमारतीत राहायची. वीस वर्षं आम्ही रोज सकाळी फिरायला गेलो आणि परतताना इडली-वडा खाल्ला, त्यामुळे दोघींचंही वजन कधी हललं नाही. ब्लाउजचं मापसुद्धा एकच. मी डाएटचं नवं खूळ काढलं की तिचा तास सुरू व्हायचा. "अगं, चरबीच्या पेशी जात नाहीत, नुसत्या रिकाम्या होतात. मोठेपणी त्यांची संख्या जवळपास ठरलेली. वर्षाला दहातली एखादी मरते, तिच्या जागी नवी तयार होते. तू दोन महिने उपाशी राहा, त्या वाट बघत बसतील." एवढं सांगून ती माझ्याच ताटलीतला वडा उचलायची.

गेल्या वर्षी तिचं वजन उतरायला लागलं, काही न करता. मला चक्क हेवा वाटला. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा." ती लाजून हसली. एवढी शिकलेली बाई, पण तिलाही ते आवडलं... तपासणीला आम्ही तीन महिने उशिरा पोचलो. कॅन्सर तोवर पसरला होता. त्या वाक्याची टोचणी मला आहे, आणि ती राहणार.

उपचार सुरू झाल्यावर तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. मी तिला आमच्या नेहमीच्या टेलरकडे, रहीमभाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, जास्ती कपडा काट दूँ?"

"नक्को भाई, काटो नक्को. अंदर दबा के रखो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पेशी आहेत तिथेच आहेत. भरल्या की फक्त उसवायचं." मी मान डोलावली. मला ते खरंच वाटलं होतं.

परवा अश्विनीने तिचे सहा ब्लाउज आणून दिले. म्हणाली, "मावशी, तुला होणार नाहीत, पण टाकवतही नाहीत." ती गेल्यावर मी मोरपंखी ब्लाउजची शिवण उसवली. आतलं कापड मोकळं झालं. टाक्यांच्या भोकांची रांग मात्र इस्त्रीनेही जाईना. घालून पाहिला, बरोबर बसला. बाकीचे पाच उसवले नाहीत. ते तिच्या शेवटच्या मापाचेच राहू दिलेत.