आईनं लावलेलं कुंकू

मित्रांनो, आज जुना गेमिंग कम्प्युटर घेऊन झरीहून परभणीला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. गेम सुरू केला की बंद पडायलाय.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, नवाच बनवा."

मी म्हणालो, "आतलं सगळं बदला, पण कॅबिनेट हेच ठेवा."

कारण त्यावर आईची बोटं होती. दर खंडेनवमीला ती नांगराला आणि मग माझ्या कम्प्युटरला हळदकुंकू लावायची. "तू खेळायलास का काम करायलास, मला काय कळतंय? अवजार हाय ना?" म्हणायची. उन्हाळ्यात आई गेली.

चहा पिऊन आलो, तर दुकानदारानं कॅबिनेट ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेलं. "लय डाग होते, भाऊ."

मग नवाच बनवायला सांगून आलो.

यंदा खंडेनवमीला त्याला कुंकू कुणी लावायचं?