भिशीची क्रेडिट कमिटी

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या भिशीत बारा घरं होती. त्यांतल्या आठ घरांचा पगार बँकांमधून येत असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेका फ्लॅटवर जमायचं, घरटी पाचशे डॉलर स्टीलच्या डब्यात टाकायचे, चिठ्ठी काढायची आणि मिसळ खायची. जिची चिठ्ठी निघेल तिने डबा घरी न्यायचा. एक सभासद बँकेच्या कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या खात्यात होते. त्यांच्या आग्रहावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर भिशी हा शब्द लिहायला बंदी होती. ग्रुपचं नाव 'मिसळ' होतं.

मी एका वृत्तसंस्थेत अर्थविषयक बातम्या तपासायचो, म्हणून मला पैशातलं कळतं असा समज होता. मी तो कधी दुरुस्त केला नाही.

बारांपैकी एक घर डबे करून देणाऱ्या वहिनींचं. त्यांच्या नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी कारखान्यांच्या वस्तीतल्या कँटीनमध्ये स्टॉल घ्यायचं ठरवलं. डिपॉझिट सहा हजार. मालक सोमवारपर्यंत थांबणार होता, त्यानंतर स्टॉल बबल-टीवाल्याला. वहिनी दोन बँकांत जाऊन आल्या होत्या. धंदा सुरू करायला कर्ज हवं असेल तर धंद्याचे मागच्या दोन वर्षांचे हिशेब आणा, असं दोन्हीकडे सांगितलं गेलं.

रविवारी त्यांनी विचारलं, या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता मला द्याल का? यात नवीन काही नव्हतं. कुणाचं ऑपरेशन निघालं, मुलीचं लग्न ठरलं की भिशी अशी देतातच, आणि चहा उकळेपर्यंत निर्णय होतो. पण आमची भिशी सुरू केली होती बायकांनी, आणि त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेर नवरे होते. नवऱ्यांनी कमिटी नेमली.

यजमान एका बँकेत रिस्क सांभाळायचे. त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून एक्सेलची फाइल उघडली. थालीपिठं रोज चाळीस खपतील हे कशावरून, असं एकाने विचारलं. वहिनींचा हात भाजला तर धंद्याचं काय, असं दुसऱ्याने. भाजणीच्या दरातल्या चढउताराबद्दल मी विचारलं. वहिनी प्रत्येकाला उत्तर देत होत्या.

"तारण काय?" यजमानांनी विचारलं.

"नवरा आहे," वहिनी म्हणाल्या. "ठेवून घ्या."

नवरा शेजारीच बसला होता. "चार महिने बाजारात उभा आहे मी," तो म्हणाला. "कोणी घेत नाही."

मतदान झालं. पाच बाजूने, पाच विरुद्ध, कंप्लायन्सवाले तटस्थ. तेव्हा नेहमीप्रमाणे चिठ्ठी काढायचं ठरलं, आणि निघाली यजमानांच्याच घरची. प्रक्रिया पारदर्शक झाली, असं ते म्हणाले. वहिनींनी पर्स उचलली.

तेवढ्यात यजमानांची बायको तर्रीचं पातेलं घेऊन बाहेर आली. पातेलं टेबलावर ठेवून तिने चिठ्ठी वाचली, डबा उचलला आणि वहिनींच्या मांडीवर ठेवला.

"भिशी माझ्या नावावर आहे. तुझी निघेल तेव्हा मला दे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तो टीव्ही बंद करा. पाव आणायला जायचंय तुम्हाला."

त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटतं, फाइल सेव्ह केली नसावी.

सोमवारी डिपॉझिट भरलं गेलं. परवान्याच्या खेपा संपायला पुढचे दोन महिने लागले, मग स्टॉल उघडला. पहिल्या शनिवारी यजमान आणि मी जेवायला गेलो. वहिनींचा नवरा मागे कांदे चिरत होता. पुढे रांगेत कारखान्यातले कामगार होते. यजमानांनी दोन थालीपिठं आणि ताक घेतलं, आणि कार्ड काढलं. स्टॉलवर कार्ड चालत नव्हतं.

"वहिनी, संध्याकाळी आणून देतो."

वहिनींनी ताटाची कड धरून ठेवली.

"भावोजी, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिपा आणल्यात का?"

मागची रांग वाढत होती. माझ्या खिशात वीस डॉलर रोख होते. मी ते बाहेर काढले नाहीत.