गरमी कुठी गेली?

पराते सरांनी गरम चहा कधी प्यायलाच नाही. कप समोर ठेवून ते तो निवू द्यायचे आणि समोरच्याला विचारायचे, "गरमी कुठी गेली गा?"

नागपूरच्या आमच्या कॉलेजात ते उष्मागतिकी शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्याच विभागात लेक्चरर झालो. "हवेत गेली" म्हटलं की ते वैतागत. "हवेत म्हंजे कुठी? बोट दाखव." मग कप, बशी, टेबल असं एकेक दाखवावं लागे. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, तुमच्या डोक्यात!" सर टकलावरून हात फिरवत म्हणाले, "थोडीशी आली बे. बाकीची सांग."

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "गरमी गरमाकडून गाराकडं जाते. कोणी कितीही रडो, आपोआप उलट येत नाही."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मे महिन्यातल्या एका दुपारी गेल्या. मी पोचलो तेव्हा डॉक्टर तपासून परतले होते. लाइट गेलेली, कूलर बंद, भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. सर काकूंचा हात धरून बसले होते आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हते.

"हात गरमच लागून राहिला गा," ते मला म्हणाले. "ही गेली असती तर गार नसता झाला? तो डॉक्टर चुकला."

काकूंचे भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमचं ऐकून नाही राहिले. तुमच्याच विषयाचं आहे. तुम्हीच सांगा."

मला सुचलं ते मी बोललो. "सर, खोली अंगापेक्षा गरम आहे. गरमी जाईल कुठे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, बंद कूलरकडे पाहिलं. "बरोबर," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.

तेव्हा मला वाटलं, मी मदत केली. रात्री वाटलं, त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालवलं. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचलोय, तरी यातलं खरं काय ते मला कळलेलं नाही. निदान आधी शेजारी बसायला हवं होतं का? उत्तर थोडं उशिरा दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

सुट्टीनंतर सर पुन्हा शिकवू लागले. सगळं तेच, फक्त तो प्रश्न बंद झाला. निवृत्त होऊन मुलाकडे जायच्या आदल्या दिवशी, थंडीत, आम्ही स्टाफरूममध्ये बसलो होतो. चहा आला. सर कपाकडे बघत राहिले. वाफ संपली. मला राहवलं नाही.

"सर, विचारा ना."

ते हसल्यासारखे झाले.

"तुले उत्तर येते ना गा. मंग कायले विचारू?"

आणि त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. "पी. गरम आहे तोवर पी."

तो केव्हाच गार झाला होता.