चिमाजीभाऊंचं लोहचुंबक

आमच्या फडात कर्णे सांभाळायचे ते चिमाजीभाऊ. मी राणी होऊन रंगमंचावर उभी राहायची आणि शेवटच्या माणसापर्यंत माझा आवाज पोचवायचे ते. तमाशाचा फड मोडला तेव्हा वाटणीत त्यांनी एक बिघडलेला कर्णा तेवढा मागितला आणि निमगाव साव्याला आपल्या कांद्याच्या रानात परतले.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, त्यांना आभाळातून एक जळता गोळा उतरताना दिसला. ओढ्यापलीकडे धप्प आवाज झाला. गावात दुसऱ्या कुणी तो पाहिला नव्हता. मग डेअरीवर दूध घालायला गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय तारामास्तर, आज काय पडलं?"

त्या नावाला उत्तर एकच होतं, पडलेला दगड आणून दाखवणं. त्यांनी कर्णा फोडून लोहचुंबक काढलं, दोरीला बांधलं आणि ते रानोरान हिंडू लागले. पण आमच्याकडच्या काळ्या दगडातच लोखंडाचा अंश. चुंबक ज्याला त्याला थोडंफार धरायचं. पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचे सर होते. त्यांच्याकडे एसटीनं दगडांच्या पिशव्या न्यायच्या आणि तशाच परत आणायच्या. वर्षं गेली, खांदा उतरला.

मग यात्रेच्या माळावर तो सापडला. काळा, मुठीएवढा, आकाराच्या मानानं लई जड. चुंबक असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. या खेपेला त्यांनी मलाही बरोबर नेलं. कुणीतरी साक्षीला हवं होतं.

सरांनी एक कोपरा यंत्रावर घासला. खऱ्या उल्केवर जळालेली पातळ साल असते, आत बहुधा धातूचे चमकते ठिपके असतात, पण बुडबुड्यांची भोकं नसतात, असं ते समजावत होते. आमच्या दगडाला आतून धिरड्यासारखी जाळी पडलेली. हे भट्टीतलं लोखंडाचं कीट आहे, लोखंड तापवताना उरणारा मळ, सर म्हणाले. सांगताना त्यांनाही जड गेलं.

परतीच्या एसटीत चिमाजीभाऊ माझ्या शेजारी बसले होते. नारायणगाव जवळ आलं तेव्हा मांडीवरचा दगड फिरवत त्यांनी विचारलं, "बाई, माळावर भट्टी कुणाची व्हती?"

मला आठवलं. यात्रेत आमचा तंबू तिथंच लागायचा आणि वाकलेल्या मेखा सरळ करायला भिमाजी लोहार तिथंच भट्टी पेटवायचा.

"आपल्याच तंबूचं हाय मंग हे," ते म्हणाले. "आता गावात काय सांगू? लई दमलो, बाई."

धीर देणारी वाक्यं मला पुष्कळ पाठ होती. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "भाऊ, तो गोळा कसा दिसला, मला पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सांगितलं. हिरवट उजेड, मागं धुराची शेपटी, दावणीची गाय दचकून उठलेली. ओढ्यापलीकडच्या आवाजापाशी आले की एरवी ते दगडाच्या शोधाकडे वळायचे. त्या दिवशी तिथंच थांबले आणि कीट पायाशी ठेवलं.

मागच्या सीटवरची बाई पुढं वाकली. "मंग वो, दादा?"

चिमाजीभाऊ मागं वळले आणि पुन्हा गोळ्यापासून सुरू झाले.