शेळी दाव्यासकट देणे आहे

जाहिरात लिहायला मला बसवलं, कारण घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच. शाळेत निबंधाला नेहमी पहिली यायचे, त्याचा माजही होता. आम्हाला आमच्या शेळीसाठी घर शोधायचं होतं. घाटकोपरच्या डोंगरावरची आमची बैठी चाळ पाडून तिथे बिल्डिंग उठणार होती आणि तोवर आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणार होतो. खोलीच्या मालकाने आधीच बजावलं होतं, माणसं कितीही आणा, जनावर चालणार नाही.

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा आईला दूध उतरलं नाही आणि गाईचं त्याला पचेना. म्हणून बाबांनी ही शेळी आणली आणि पोर तिच्या दुधावर चांगलं गुटगुटीत झालं. पुढे शाळेत जायला लागला न लागला तोच तापाचं निमित्त झालं. बाबा त्याला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेले ते एकटेच परत आले. शेळी राहिली. आई तिला त्याची दुसरी आई म्हणायची, आणि ते गमतीत नाही. मला याचा भयंकर वैताग यायचा. दूध आटून वर्षं लोटली तरी भाकरीचा पहिला तुकडा तिचा.

"दाव्यासकट लिव," आई म्हणाली. "नायतर लोकांका वाटतलां आमी इकतंव."

दावं म्हणजे जनावराच्या गळ्यातली दोरी. आईच्या गावची रीत अशी, की जनावर विकलं तर दावं सोडून घरी आणायचं. पाळायला दिलं तर मात्र दाव्यासकट द्यायचं.

"इथे मुंबईत कोणाला कळणार आहे गं दावं?"

"कळतलां तेंका कळतलां."

मग मी लिहिलं: 'शेळी दाव्यासकट देणे आहे. निरोगी, धष्टपुष्ट, अंगावर एकही खोड नाही. पैसे नकोत.' ठळक अक्षरात, पुठ्ठ्यावर. पुठ्ठा पिठाच्या चक्कीत लावला, कारण दळणासाठी सगळी वस्ती तिथे ताटकळत बसायची.

वाट लागली. दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ. एक खानावळवाला आला, तो तर आमच्याच तालुक्यातला. एकाच्या मेव्हण्याला मुलगा झाला होता, त्याचं जेवण घालायचं होतं, एकाला गावच्या देवाचा नवस फेडायचा होता. येणारा प्रत्येक जण शेळीच्या पाठीमागे जायचा आणि कमरेच्या हाडावर अंगठा दाबून मांस किती ते बघायचा. आई उंबऱ्यात बसून फक्त हात बघत राहायची. हात कमरेवर गेला रे गेला की म्हणायची, "कालच दिली ओ आमी." शेळी समोर उभी राहून रवंथ करत असायची.

माझी चूक मला कळली. मी जे जे चांगलं म्हणून लिहिलं होतं ते सगळं सुरीच्या कामाचं होतं. मग दुसरा पुठ्ठा केला, खरा खरा: 'म्हातारी आहे, दूध देत नाही, मागचा पाय धरतो.' त्याला कोण येणार? कुत्रं फिरकलं नाही. चक्कीवाला मला म्हणाला, "ताई, ही जाहिरात आहे की तक्रार?" मी घरी येऊन रडले. शेळीवर माझा जीव होता असं नाही, पण आई अलीकडे जेवत नव्हती आणि तिला जेवती करणारं एक वाक्य मला सुचत नव्हतं.

शेवटी आईच्या तोंडचंच लिहिलं. 'हिच्या दुधावर लहान मूल वाढलं आहे. फार मायाळू. लेकुरवाळ्या घरी दाव्यासकट देणे आहे.'

विक्रोळीहून एक बाई आली, कडेवर बाळ. तिच्या घराला अंगण होतं आणि तिला दावं म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. बाळाने शेळीचा कान घट्ट मुठीत धरला. शेळी जागची हलली नाही, उलट त्याचं मनगट चाटू लागली. आई हसली. तिचे दात मी किती दिवसांनी पाहिले. तिने आत जाऊन चहा टाकला, दावं साबणाने धुऊन वाळत घातलं होतं ते काढून आणलं. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाई सहज म्हणाली, "आणि तुमचा तो मुलगा? आता मोठा झाला असेल ना?"

शाळेत गेलाय म्हण, शाळेत गेलाय म्हण, मी मनात घोकत होते. पण आईला खोटं बोलता यायचं नाही.

"नाय ओ," ती म्हणाली. "तो गेलो."

बाई वाईट काही बोलली नाही. तिने बाळाची मूठ कानावरून सोडवली आणि पदराने त्याचं मनगट पुसलं, दोनदा पुसलं. "ह्यांना विचारून कळवते," म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उतरून गेली. जिच्या दुधावरचं मूल जगलं नाही ती शेळी तिला दारात नको होती. मला पुढे मूल झाल्यावर तिचं मन कळलं. माफ मात्र मी तिला अजून केलेलं नाही.

सामानाचा टेंपो ठरला होता. बाबा मुळात अबोल. संपात कापड गिरणी बुडाल्यावर एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले आणि बोलणं आणखीच आटलं. निघायच्या आदल्या सकाळी म्हणाले, "तिला मानखुर्दला घर मिळालंय. पोरंबाळं आहेत."

आईने शेळीला कुंकू लावलं, भाकरी चारली, गळ्यात दावं अडकवून टोक बाबांच्या हातात दिलं. "ह्यां पण तेंकाच देवचां," म्हणाली. मानखुर्दची वाट देवनारवरून जाते आणि देवनारला कत्तलखाना आहे, हे डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मानखुर्दात आमचं ओळखीचं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

संध्याकाळी बाबा आले आणि बसायच्या आत बोलायला लागले. घर बरं आहे, पुढे मोकळी जागा आहे, पोरं लगेच तिच्याशी खेळायला लागली. इतकं ते एका दमात कधी बोलले नव्हते. बोलत होते आणि उजव्या पंजाला दावं गुंडाळलेलं होतं. वाटेत कुठल्याही गटारात टाकता आलं असतं. त्यांच्या ते लक्षातच नव्हतं.

आई त्यांच्यासमोर खाली बसली आणि पंजावरचे वेढे एकेक करून सोडवू लागली. बाबांचं बोलणं तुटलं.

"झीलाक हास्पिटलात न्हेलास तेवा त्येचो स्वेटर घेवन इलास," आई म्हणाली. "आता ह्यां."